नेमाचे पिस्तूल

मराठीत ‘नेम’ हा शब्द तीन घरांत नांदतो. एकादशीचा नेम असतो, तो व्रताचा. गोफणीचा नेम असतो, तो रोखाचा. आणि पावसाचा, एसटीचा किंवा ‘अगदी पाचच्या ठोक्याला येतो’ म्हणणाऱ्या वक्त्याचा नेम नसतो. तेथे नेम म्हणजे भरवसा. वर्गात हे तिन्ही अर्थ फळ्यावर लिहून आम्ही अनेक वर्षे विद्यार्थ्यांची करमणूक करीत आलो. ते तिन्ही एकाच वस्तूच्या निवडीत एकवटून आमच्यापुढे उभे राहिले, ती वस्तू म्हणजे कागदी वर्तुळांवर मारायचे .२२ बोअरचे पिस्तूल.

येथे ‘आम्ही’ हे संपादकीय बहुवचन नव्हे. आम्ही खरोखरच दोघे आहोत, नवरा-बायको, आणि पुण्यातल्या दोन महाविद्यालयांत मराठी शिकवतो. ऑगस्ट २०१८ मध्ये जाकार्ताच्या आशियाई स्पर्धेत राही सरनोबतने पंचवीस मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवले. अंतिम फेरी बरोबरीत सुटली, बरोबरी मोडण्यासाठी झालेली पहिली फेरीही बरोबरीत सुटली, आणि दुसऱ्या फेरीत निकाल लागला. आमच्यातल्या एकीचे माहेर कोल्हापूर असल्यामुळे त्या दिवशी आमच्या घरात जरा जास्तच अभिमान होता. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचे सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय स्त्री. पदकापेक्षा आमच्या मनात राहिला तो त्या खेळाचा ताल. लक्ष्य तीन सेकंद दिसते, सात सेकंद नाहीसे होते. हात प्रत्येक वेळी खालून वर आणायचा आणि त्या तीन सेकंदांत एकच गोळी झाडायची. दहा सेकंदांचा हा छंद वृत्तासारखा आहे, असे आम्हांला वाटले. पुढच्या महिन्यात आम्ही शहरातल्या एका क्लबात नाव घातले.

आपल्याकडे या खेळाची सुरुवात हवेच्या पिस्तुलाने होते, आणि ते रास्तच आहे. साडेचार मिलिमीटरचा छर्रा, दहा मीटरचे अंतर, आणि साडेअकरा मिलिमीटर व्यासाचे दहा गुणांचे वर्तुळ, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढे. दीड वर्ष आम्ही तेच केले. मग टाळेबंदीत सगळेच थांबले. रेंज पुन्हा उघडली तेव्हा आमचे प्रशिक्षक, लष्करातून निवृत्त झालेले एक सुभेदार, म्हणाले, “आता पॉइंट टू-टू हातात घ्या. क्लबाची तीन आहेत. तिन्ही मारून बघा, एक ठरवा, आणि मग वर्षभर त्याचीच संगत करा.”

दुकानात जाऊन पाच-दहा पिस्तुले हाताळून पाहण्याची सोय आपल्या देशात नाही. सामान्य नागरिकाला परदेशी पिस्तूल आयात करण्याची वाट १९८० च्या दशकातच बंद झाली. ठरावीक गुणांची पात्रता गाठलेल्या नामांकित नेमबाजांना तेवढी ती उघडी आहे. आमच्या गुणांकडे पाहता तो प्रश्न उद्भवतच नव्हता. तेव्हा आमची निवड तिनांतून एकाची. पण तिनांतून एक निवडतानासुद्धा ‘भरवशाचे’ म्हणजे काय, हे आधी ठरवावे लागते, आणि तेथे आमचे चार-पाच महिने गेले.

आधी काडतुसाविषयी सांगायला हवे, कारण .२२ च्या भरवशाची अर्धी गोष्ट काडतुसातच आहे. ‘लाँग रायफल’ या नावाने ते १८८७ पासून बनते आहे. नाव रायफलचे, पण पिस्तूलही तेच खाते. गोळी चाळीस ग्रेनची, म्हणजे सुमारे २.६ ग्रॅमची, उघड्या शिशाची, वरून मेणाचा किंवा वंगणाचा हात फिरवलेली. मोठ्या काडतुसांच्या बुडाशी मधोमध एक लहानशी टोपी असते आणि ठिणगी देणारे मिश्रण त्या टोपीत असते. .२२ ला अशी टोपी नाही. ते मिश्रण बुडाच्या पोकळ कडेत गरगर फिरवून बसवलेले असते, आणि पिस्तुलाची सुई त्या कडेला चिमटते. कडेच्या एखाद्या भागात मिश्रण पोहोचलेले नसले आणि सुई नेमकी तेथेच पडली, तर ‘टक्’ असा आवाज येतो आणि बार होत नाही. हीच बाहेर आलेली कड मॅगझिनमध्ये एकावर एक बसलेल्या काडतुसांची एकमेकांत अडवाअडवीही करते. शिवाय पिस्तूल स्वतःहून दुसरे काडतूस आत ओढते ते झाडलेल्या गोळीच्या उरलेल्या जोरावर. स्पर्धेची काडतुसे मुद्दाम सौम्य, आवाजाच्या वेगापेक्षा मंद असतात. स्लाइडमागचा स्प्रिंग ताठ असेल, किंवा मेणशिशाचा चिकटा साचला असेल, तर तेवढा जोर पुरत नाही आणि रिकामी नळकांडी अर्ध्यातच अडकते.

म्हणून या जातीच्या पिस्तुलाला काडतुसाची आवडनिवड असते. एका कंपनीचे गोड लागते, दुसऱ्या कंपनीचे पचत नाही. आम्ही हसलो तेव्हा सुभेदारांनी तीन प्रकारची काडतुसे प्रत्येकी पन्नास मोजून दिली आणि वही आणायला सांगितले.

त्या वहीने आमची गट्टी जमली. तिन्ही पिस्तुलांना आम्ही नावे ठेवली नव्हती. नावे ठेवली की पक्षपात सुरू होतो, हे समीक्षेच्या पर्चाला शिकवतोच. पहिले, दुसरे, तिसरे एवढेच. पहिले सर्वांत जुने, वजनदार, अक्रोडाच्या मुठीचे. दुसरे नवे, हलके, झाडल्यावर हातात जेमतेम हलणारे. तिसरे मधल्या वयाचे, दिसायला अगदी सामान्य. प्रत्येक अडखळ कोणाच्या पदरात घालायची, हा प्रश्न पहिल्याच रविवारी आला. बार झाला नाही. दोष पिस्तुलाचा, काडतुसाचा की आमचा?

याचे उत्तर काढण्याची रीत सुभेदारांनी दाखवली, ती आमच्या धंद्याला इतकी जवळची निघाली की आम्ही एकमेकांकडे पाहिले. बार झाला नाही तर आधी पिस्तूल तसेच लक्ष्याकडे रोखून तीस सेकंद थांबायचे, कारण क्वचित ठिणगी उशिरा पेटते. (ती तीस सेकंदे फार लांब असतात.) मग काडतूस बाहेर काढून त्याची कड वाचायची. होय, त्यांनी ‘वाचायची’ हाच शब्द वापरला. सुईची खूण खोल आणि स्पष्ट असेल तर पिस्तुलाने आपले काम केले, मिश्रणच तेथे नव्हते. खूण उथळ किंवा अर्धवट असेल तर सुईकडे, तिच्या स्प्रिंगकडे, आतल्या घाणीकडे पाहायचे. काडतूस पुढे सरकलेच नसेल तर मॅगझिनचे ओठ तपासायचे. आणि आडव्या-तिडव्या हाताने मॅगझिन नीट बसवलेलेच नसेल, तर आरशात पाहायचे.

हस्तलिखिताच्या पाठभेदांचे हेच असते. ओवीत एक अक्षर जास्त आहे. ते कवीचे, लेखनिकाचे, की वाळवीने खाल्लेल्या जागी पुढच्या कोणी घातलेले? एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली तेव्हा त्यांच्यापुढे हाच निवाडा असणार. दोष कोठे शिरला हे कळेपर्यंत ग्रंथाला वाईट म्हणायचे नाही. पिस्तुलालाही. तीन महिन्यांत वही भरली, तेव्हा दिसले की जुन्या पहिल्याच्या नावावर लागलेल्या अडखळींपैकी बहुतेक एकाच मॅगझिनच्या होत्या. त्याचे ओठ थकलेले होते. ते बाजूला ठेवल्यावर म्हातारा निमूट चालू लागला. नव्या दुसऱ्याला एका प्रकारची काडतुसे अजिबात मानवत नव्हती, आणि उरलेल्या दोन प्रकारांत ते निर्दोष होते. तिसऱ्याविषयी वहीत जवळजवळ काहीच लिहिलेले नव्हते.

अचूकतेची परीक्षा त्या मानाने लवकर आटोपली. वाळूच्या पिशवीवर पिस्तूल टेकवून पंचवीस मीटरवर दहा-दहा गोळ्या मारल्या. तिन्हींच्या दहा गोळ्या पन्नास मिलिमीटरच्या, म्हणजे दहा गुणांच्या वर्तुळात सहज मावत होत्या. मोकळ्या हाताने आमच्या गोळ्या ताटलीभर पसरत. तेव्हा कोणते पिस्तूल जास्त अचूक, हा प्रश्न आमच्यापुरता निकालात निघाला. या वादावर उत्साही मंडळी किती वेळ घालवतात ते ऐकून आम्हांला यमकांच्या शुद्धतेवर भांडणारी कवी मंडळे आठवत.

फरक पडत होता तो इतर दोन-तीन ठिकाणी. पुढची माशी आणि मागची खाच यांत अंतर सुमारे बावीस सेंटिमीटर धरा. खाचेत माशी एक मिलिमीटर सरकली तर पंचवीस मीटरवर गोळी अकरा सेंटिमीटरहून अधिक सरकते. उलट माशी खाचेत बरोबर बसलेली असेल आणि सगळा हातच लक्ष्यापुढे एखादा मिलिमीटर तरंगत असेल, तर गोळीही तेवढीच, एखादा मिलिमीटर सरकते. म्हणून डोळा माशीवर ठेवायचा आणि लक्ष्य धूसर होऊ द्यायचे. ज्यावर नेम धरायचा तेच स्पष्ट पाहायचे नाही, हे मनाला पटायला आम्हांला हवेच्या पिस्तुलाचे अख्खे दीड वर्ष लागले होते. चाळिशी ओलांडलेल्या डोळ्यांना कोणत्या पिस्तुलाची माशी काळी, कडांना तीक्ष्ण आणि खाचेत दोन्ही बाजूंना उजेडाची पुरेशी फट ठेवणारी दिसते, हे म्हणून महत्त्वाचे. येथे हलके, नवे दुसरे मागे पडले. त्याची खाच आमच्या डोळ्यांना अरुंद होती.

आणि चाप. मराठीत बंदुकीचा चाप ओढतात, आणि संस्कृतात चाप म्हणजे धनुष्य, हे वर्गात सांगायला छान वाटते. रेंजवर चापाचे वजन एक किलो असते. पंचवीस मीटरच्या स्पर्धेत पिस्तूल उभे धरून चापाला एक किलोचे वजन टांगतात. वजन उचलताना चाप सुटला तर पिस्तूल बाद. आकडा तिन्हींचा सारखाच. पण पहिल्याचा चाप पिकलेले फळ देठापासून सुटावे तसा सुटे, आणि तिसऱ्याचा थोडा सरकून, अंगुळभर विचार करून मग सुटे. आमच्यांपैकी एकाला तो विचार खपत नव्हता, एकीला तोच आवडे. कारण त्या सरकण्यात हात डळमळला तर थांबता येते, चाप परत सोडता येतो, पिस्तूल खाली घेता येते. बोट लावले म्हणजे बार झालाच पाहिजे, असे नाही. हा मतभेद महिनाभर चालला, आणि तो केवळ चापाविषयी नव्हता हे दोघांनाही कळत होते.

याच सुमारास, जुलै २०२१ मध्ये, टोकियोत मनू भाकरचे हवेचे पिस्तूल पात्रता फेरी चालू असताना बिघडले. दुरुस्तीसाठी तिला जागा सोडून जावे लागले, मोलाची मिनिटे गेली, परत येऊन तिने घड्याळाशी झुंजत ५७५ गुण केले आणि बाराव्या स्थानी राहिली. जगातल्या उत्तम कारागिरीचे यंत्र, जगातल्या उत्तम हातांत. तिने पुढे २०२४ मध्ये पॅरिसला दोन कांस्यपदके मिळवली, हे सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्या मनात रुतली ती ती मधली मिनिटे. भरवशाचे पिस्तूल म्हणजे कधीच न अडणारे, अशी जी आमची भाबडी व्याख्या होती, ती आम्ही वहीतून खोडली आणि लिहिले: जे अडले तर का अडले हे सांगते, आणि ज्याची दुरुस्ती येथे, या गावात, होऊ शकते.

वाचता वाचता एक माणूस सापडला, त्याच्याविषयी लिहिल्यावाचून राहवत नाही. मिखाइल मार्गोलिन. सोव्हिएत रशियातल्या या माणसाची दृष्टी तरुणपणी डोक्याला लागलेल्या गोळीने कायमची गेली. पुढे तो शस्त्रांचा आराखडाकार झाला. डोळ्यांनी आराखडा काढता येत नव्हता, म्हणून मेण, माती, लाकूड यांत सुटे भाग बोटांनी घडवून तो सहकाऱ्यांना दाखवी. दुसऱ्या महायुद्धानंतर त्याच्या आराखड्यावरून बनलेले .२२ चे लक्ष्यवेधी पिस्तूल पुढे अनेक दशके नवशिक्यांपासून स्पर्धकांपर्यंत हाती खेळले. माशी आणि खाच यांची सारी करामत ज्या वस्तूत, ती वस्तू त्याने कधी पाहिली नाही. ही गोष्ट कोणी कथेत लिहिली असती तर आम्ही ‘प्रतीक फार ठळक झाले आहे’ असा शेरा मारला असता. ते वाचल्यानंतर एका रविवारी आम्ही डोळे बंद करून तिन्ही रिकामी पिस्तुले हातांत घेतली, हात वर केला आणि मग डोळे उघडले. पहिले प्रत्येक वेळी डावीकडे पाहत होते. तिसरे दोघांच्याही हातांत जवळपास सरळ उभे होते. मुठीचे माप दोन हातांना एकदम जुळणे अवघडच. एक हात मोठा, एक लहान. पण तिसऱ्याची मूठ लाकडाचीच, साधी, कानशीने घासता येण्याजोगी होती.

येथे निवड संपायला हरकत नव्हती. सुभेदारांनी विचारले, “मग स्वतःचे घ्यायचे का पुढेमागे? एखादा जुना खेळाडू विकतो कधीकधी. परवान्याचा अर्ज करून ठेवा.”

पुण्यात परवाना पोलीस आयुक्तालयातून मिळतो. १९५९ चा शस्त्र अधिनियम आणि २०१६ चे नियम यांप्रमाणे अर्ज, चौकशी, सुरक्षित हाताळणीच्या प्रशिक्षणाचा दाखला आणि घरी शस्त्र कोठे व कसे ठेवणार याची हमी. अर्जात एक रकाना असतो: शस्त्र कशासाठी हवे? उत्तर एका शब्दाचे, ‘खेळासाठी’. ते खरे होते. तरी तो रकाना आमच्या जेवणाच्या टेबलावर तीन आठवडे कोरा पडून राहिला.

कारण आम्ही पुण्यात राहतो. २० ऑगस्ट २०१३ च्या सकाळी ओंकारेश्वराजवळच्या पुलावर डॉ. नरेंद्र दाभोलकरांना गोळ्या घातल्या गेल्या. आमच्यातल्या एकाची महाविद्यालयाची वाट त्या पुलावरून जाते. फेब्रुवारी २०१५ मध्ये कोल्हापुरात कॉम्रेड गोविंद पानसरे आणि उमा पानसरे यांच्यावर सकाळी फिरून परतताना गोळ्या झाडल्या गेल्या. पानसरे चार दिवसांनी गेले. ती गल्ली आमच्यातल्या एकीच्या माहेरच्या गावातली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये धारवाडला डॉ. एम. एम. कलबुर्गी, वचनसाहित्याचे अभ्यासक, आमच्याच पेशातले एक प्राध्यापक, घराच्या दारात. तपासाच्या बातम्यांत ‘७.६५ मिलिमीटर’ हा आकडा पुनःपुन्हा येत असे. लहान बोअरचे पिस्तूल. आणि थोडे मागे गेले तर ३० जानेवारी १९४८ ला दिल्लीत ज्याच्या हातात पिस्तूल होते तो पुण्यातून निघणाऱ्या एका मराठी दैनिकाचा संपादक होता. म्हणजे मराठी लिहिणाऱ्या-वाचणाऱ्यांच्या जगात पिस्तूल परके नाही. ते दोन्ही बाजूंनी आलेले आहे.

आमच्यातल्या एकीचे म्हणणे असे की, या गोष्टींचा आपल्या खेळाशी संबंध जोडणे हा भाबडेपणा आहे. विळी आणि कोयता यांतही माणसे मेली आहेत. ५.६ मिलिमीटरच्या स्पर्धेच्या पिस्तुलाची मूठ, वजन, चाप सारे कागदावर छिद्र पाडण्यासाठी घडवलेले आहे, आणि राहीच्या हातातल्या वस्तूला मारेकऱ्याच्या हातातल्या वस्तूचे नाव देणे हा राहीवर अन्याय आहे. दुसऱ्याचे म्हणणे असे की, हे सगळे मान्य. रेंजवर मान्य. पण गोळी शिशाचीच आहे, आणि घराच्या कपाटात ती वस्तू ठेवली की घराचे वाक्य बदलते. रात्री खालच्या मजल्यावर आवाज झाला तर आज आपण दिवा लावतो. उद्या आधी काय आठवेल? खेळासाठी आणलेली वस्तू त्या रात्री खेळाचीच राहील, याचा काय नेम?

या शब्दापाशी आलो आणि दोघेही थांबलो. पिस्तुलाच्या भरवशाची वही आम्ही तीन महिने ठेवली होती. आमच्या भरवशाची कोणी ठेवली नव्हती. त्यात अडखळ कोणाच्या पदरात घालायची, आणि कड कोठे वाचायची?

गंमत अशी की युक्तिवाद कोणीच जिंकला नाही. जी परवान्याच्या बाजूची होती तिचे मत आजही तेच आहे, आणि चापाच्या बाबतीत आपण बरोबर होतो असे ती वर सांगते. ते मात्र खरे आहे. निर्णय झाला तो व्यवहारावर. क्लबाचे शस्त्रागार दोन कुलपांचे आहे, किल्ल्या दोघांकडे आहेत, नोंदवही तेथे रोज लिहिली जाते. निवडणुका जाहीर झाल्या की परवानाधारकांना हत्यारे जमा करण्याचे आदेश निघतात, खेळाडूंना सूट मागावी लागते, तो सारा पत्रव्यवहार क्लब करतो. दोघांच्या पगारात काडतुसेच जेमतेम बसतात. घरी आणून जे मिळाले असते ते म्हणजे रोजचा रिकाम्या पिस्तुलाचा सराव, आणि .२२ च्या पुष्कळ पिस्तुलांत रिकामा चाप ओढला तर सुई नळीच्या काठावर आदळून तो काठ चेचते. त्यासाठी रिकामी नळकांडी किंवा खास सोय लागते. तो सराव आम्ही आता हवेच्या पिस्तुलावर करतो. साडेचार मिलिमीटरच्या, वीस ज्यूलच्या आतल्या त्या पिस्तुलाला परवाना लागत नाही, आणि ते घरात शब्दकोशांच्या कपाटाखाली, कुलूपबंद पेटीत आहे. अर्जाचा कागद मागच्या बाजूने कोरा होता, त्यावर आमच्यातल्या एकाने परीक्षेच्या पर्यवेक्षणाचे वेळापत्रक लिहिले.

निवडले ते तिसरे. मुठीच्या आतली बाजू कानशीने थोडी घासली, लहान हातासाठी. मोठ्या हातासाठी अंगठ्याच्या खाली लाकडी भुशाची लुगदी लावून उंचवटा केला. मॅगझिने दोन ठेवली, त्यांवर १ आणि २ असे आकडे कोरले, म्हणजे दोष कोणाचा हे वाचता येते. दर पाचशे गोळ्यांना नळी, आणि दर रविवारी सुई व तिची खाच पुसायची, असे वहीत ठरले आहे. ज्या काडतुसांशी त्याचे जुळते त्यांची एकाच घाण्यातली, एकाच क्रमांकाची खोकी मिळतील तेवढी क्लबातून मागून ठेवतो.

रविवारी सातला आम्ही जातो. सुभेदार शिक्का मारलेल्या खोक्यातून पन्नास मोजून देतात, आम्ही सही करतो. आळीपाळीने पाच-पाच. एकाची पाळी असताना दुसऱ्याने मागे उभे राहून खाली पडणारी पितळी नळकांडी गोळा करायची, कारण जाताना पन्नास परत मोजून द्यावी लागतात. परवा एकोणपन्नासच भरली. दोघे गुडघ्यांवर बसून फरशीच्या फटी तपासत होतो तेव्हा शेजारच्या शाळकरी मुलीने तिच्या बुटाच्या लेसमध्ये अडकलेले पन्नासावे आणून हातावर ठेवले. अजून कोमट होते.